तेरीज जुळते, पण झोप लागत नाही

सांगलीच्या एका वाचकांनी पाठवलेल्या पत्राचा हा गोषवारा. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

वय ५१. मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी. घर तिसऱ्या पिढीतलं ख्रिस्ती, आणि स्वतः अकरा वर्षं मंडळीचे, म्हणजे आपल्या चर्चचे, खजिनदार. ऑगस्ट २०१९ च्या महापुरानंतर मंडळीने मदतनिधी जमवला. पुण्या-मुंबईच्या ओळखीच्यांनीही रोख पाठवली. नदीकाठच्या कुटुंबांना प्रत्येकी दोन हजार द्यायचे ठरले आणि वाटप यांच्याकडे आलं. यांच्याही घरात छातीभर पाणी शिरलं होतं. मुलीच्या नर्सिंगच्या प्रवेशाची फी चार दिवसांत भरायची होती. यादीतली एकोणीस कुटुंबं नातेवाइकांकडे पांगलेली, सापडत नव्हती. यांनी त्या नावांपुढे स्वतःच अंगठे उठवले आणि अडतीस हजार रुपये ठेवून घेतले. "नंतर भरू" असं मनाशी म्हटलं. भरले नाहीत. त्याच नाताळात पूरग्रस्तांच्या सेवेबद्दल मंडळीने शाल-श्रीफळ देऊन यांचा सत्कार केला.

तेव्हापासून प्रभुभोजनाच्या (चर्चमधल्या भाकर-द्राक्षरसाच्या विधीच्या) रविवारी यांना नेमकं काहीतरी काम निघतं. बायकोशी भाजीच्या दहा रुपयांवरून वाद होतात. दोन वर्षांपूर्वी चर्चच्या शिपायाने जनरेटरच्या डिझेलमधले तीनशे रुपये खाल्ले, तेव्हा कमिटीत आग्रह धरून यांनीच त्याला काढायला लावलं. ते विचारतात: "देवापुढे मी शंभर वेळा कबूल केलंय. दाविदानेच म्हटलंय ना, 'तुझ्याविरुद्ध, तुझ्याविरुद्धच मी पाप केले आहे'? मग माणसांना सांगायची काय गरज? पैसेही थोडेथोडे करून दानपेटीत टाकले, आता जास्तच झाले असतील. बोललो तर मंडळी फुटेल, मुलीचं लग्न ठरतंय ते मोडेल. देवाने क्षमा केली असेल, तर मला शांती का नाही?" आणि ताजा कलम: "त्या शालीचं काय करू?"

प्रिय बंधू, सलाम.

बाकी सगळं नंतर. आधी तुमच्या चौथ्या पानावरचं एक वाक्य. "कधी कधी रात्री आयर्विन पुलावर गाडी थांबवतो आणि पाण्याकडे बघत राहतो." हे मी दोनदा वाचलं. नुसतंच बघत राहता, की त्यापुढचाही विचार मनात येतो? येत असेल, तर हे उत्तर पूर्ण वाचायच्या आधी १४४१६ वर फोन करा. ही सरकारची टेली-मानस सेवा आहे, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं, रात्री दोन वाजताही. फोन नको वाटला तर बायकोला उठवा. कारण सांगू नका, नुसतं "माझ्याजवळ बस" म्हणा. अडतीस हजारांचा हिशेब कितीही अवघड असला तरी तो जिवंत माणसालाच पुरा करता येतो.

आता पत्राकडे येते. सात पानं आहेत, आणि अक्षर दिवाणजीचंच, कुठे खाडाखोड नाही. तुमची झोप, तुमची अब्रू, तुमची शांती, मुलीचं लग्न, मंडळीचं नाव, देवाची क्षमा, सगळ्यांना भरपूर जागा मिळाली आहे. त्या एकोणीस कुटुंबांच्या वाट्याला एकच ओळ आली: "सापडत नव्हती." मग पुढे सापडली का हो? पाणी ओसरल्यावर माणसं परत आलीच असतील ना? त्यातलं कुणी रविवारी तुमच्या पुढच्या बाकावर बसतं का? कुणाला आठवतं का, की शेजाऱ्याला दोन हजार मिळाले आणि आपल्याला नाही? यातलं काहीच तुम्ही लिहिलेलं नाही. तुम्ही निर्दय आहात म्हणून हे झालं, असं मला वाटत नाही. झाकलेल्या गोष्टीचा हा पहिला परिणाम असतो. ज्यांचं नुकसान झालं ती माणसं हळूहळू दिसेनाशी होतात आणि मागे उरतो आपण आणि आपला देव. मग वाटतं, भानगड आपल्या दोघांतलीच आहे.

त्या आठवड्यात तुमचं डोकं ठिकाणावर नव्हतं, हे मला मान्य आहे. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट आहे, आणि तेव्हा पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. घरात चिखल, भिजलेली गादी, हातात रोकड, समोर फीची तारीख. त्या चार दिवसांबद्दल मी तुम्हाला फार बोलणार नाही. पण त्यानंतरच्या सहा वर्षांत पूर नव्हता. (२०२१ ला पुन्हा पाणी आलं, ते सोडा.)

तुम्ही विचारता, पुन्हा कधी एका पैशाला हात लावला नाही, उलट आधीपेक्षा काटेकोर झालो, तरी असं का होतंय? बंधू, तो काटेकोरपणाच मला खटकतोय. पाप लपवलं की माणूस आणखी पापी होत जातो असं आपण लहानपणापासून ऐकतो, त्यामुळे तुम्ही त्या दिशेलाच लक्ष ठेवून बसलात. दारू नाही, जुगार नाही, म्हणजे आपण सावरलो. आणि बदल आला तो दुसऱ्याच दाराने: दहा रुपयांवरून आवाज चढतो, मुलाचा मोबाइल तपासला जातो, दुसऱ्याच्या प्रार्थनेतला पोकळपणा लगेच कानाला कळतो. चोराने कडी लावून घ्यावी तशी ही कडक शिस्त आहे. घरच्यांना मात्र वाटतं, साहेब फार तत्त्वाचे आहेत.

तुमच्याच धंद्यातलं सांगते. चूक असेल तर दुरुस्त करा. रोजकीर्दीत, म्हणजे रोजच्या वहीत, एक खोटी नोंद केली की ती खतावणीत खातेवार उतरते, खतावणीतून तेरजेत, म्हणजे दोन्ही बाजूंच्या बेरजांच्या ताळ्यात जाते, आणि गंमत म्हणजे तेरीज जुळते. दोन्ही बाजूंना रक्कम सारखीच पडल्यावर न जुळायला काय झालं? पण ताळा जुळला म्हणून नोंद खरी ठरत नाही, हे हिशेब लिहिणाऱ्याला आपल्याला शिकवावं लागत नाही. तुमच्या दिवसाचंही तसंच झालंय. सकाळची प्रार्थना आहे, दशांशाचं दान आहे, रविवार आहे, बेरीज बरोबर. बायको मात्र सहा वर्षं या समजुतीत आहे की तिला घरखर्चाचा हिशेब नीट ठेवता येत नाही.

दाविदाचं नाव तुम्हीच काढलंत म्हणून त्याच्याचकडे जाऊ. बायबलमधल्या दुसऱ्या शमुवेलाच्या बाराव्या अध्यायात दावीद राजाकडे नाथान संदेष्टा येतो आणि गोष्ट सांगतो: श्रीमंताकडे पुष्कळ मेंढरं, गरिबाकडे एकच मेंढी, आणि पाहुणा आला तेव्हा श्रीमंताने त्या गरिबाचीच कापली. दावीद संतापतो. हा मनुष्य मरणाला पात्र आहे, त्याने चौपट भरून द्यावं, असा निकाल देतो. हा राग नाटकी होता असं मला कधीच वाटलं नाही. तो अगदी खरा होता. बथशेबेच्या नवऱ्याला, उरीयाला, मारवून, तिला घरात आणून, मूलही जन्मलं होतं. एवढा काळ आत कोंडलेला निवाडा दुसऱ्याच्या मेंढीवर बाहेर पडला. तुमच्या कमिटीत तीनशे रुपयांचं डिझेल निघालं तेव्हा हेच झालं. शिपायाला काढा म्हणून आग्रह धरणारा माणूस ढोंगी नव्हता. तो शिक्षा शोधत होता, आणि समोर शिपाई उभा होता.

आता तुम्ही आधाराला घेतलेलं वचन. एकावन्नाव्या स्तोत्रातली ती ओळ खरी आहे, पण स्तोत्राचा मथळा वाचलात का? त्यात म्हटलंय की नाथान संदेष्टा दाविदाकडे येऊन गेल्यानंतरचं हे स्तोत्र आहे, आणि ते मुख्य गवयासाठी आहे. मुख्य गवयासाठी, म्हणजे दहा जणांत गाण्यासाठी. "तुझ्याविरुद्धच" म्हणणारा हा राजा त्याच गाण्याच्या डोक्यावर आपली भानगड मिरवतोय, आणि तुम्ही ती ओळ उचलून कपाटाला कुलूप लावताय. त्यापेक्षा बत्तिसावं स्तोत्र तुमच्या जवळचं आहे. तिथे तो म्हणतो की मी गप्प राहिलो तेव्हा माझी हाडं झिजली, आणि अंगातला ओलावा उन्हाळ्यातल्यासारखा आटून गेला. रात्रीच्या पुलाचं वर्णन याहून वेगळं काय असणार?

शंभर वेळा कबूल केलंत म्हणता. शंभर वेळा का करावं लागलं? योहानाच्या पहिल्या पत्रात आपल्या मराठी बायबलने फार चांगला शब्द ठेवला आहे: पापे "पदरी घेणे". पदरी घेतलेली गोष्ट आपली होते, तिचा भार आणि खर्च आपल्यावर येतो. तुम्ही पाप पदरी घेतलेलं नाही, देवाला दरवर्षी नव्याने दाखवलं आहे. क्षमा देणारा मागे हटला म्हणून शांती नाही, असं मी मानत नाही. शांती ज्या वाटेने यायची तिथे एकोणीस घरं उभी आहेत.

दानपेटीचं म्हणाल, तर दिवाणजी, रक्कम चुकीच्या खात्यावर जमा झाली. देणं होतं एकोणीस घरांचं आणि तुम्ही ते देवाच्या नावे टाकलंत. लेवीयच्या सहाव्या अध्यायात ठेवीत अफरातफर करणाऱ्यासाठी स्पष्ट नियम आहे: मुद्दल परत, वर पाचवा हिस्सा, आणि ज्याचं असेल त्याच्या हाती. दोषार्पण, म्हणजे दोषासाठी देवाला करायचं अर्पण, त्याच्या नंतर येतं. गणनेच्या पाचव्या अध्यायातही हाच क्रम आहे. तुमच्या बाबतीत अडतीस हजार अधिक सात हजार सहाशे, म्हणजे पंचेचाळीस हजार सहाशे. घरामागे दोन हजार चारशे. शुभवर्तमानातला जकातदार जक्कय चौपटीवर गेला होता, पण तुम्हाला तेवढं झेपणार नाही, आणि चौपटीच्या आवेशात मुद्दल अडकून पडण्यापेक्षा पाचवा हिस्सा पुरे. पेटीत टाकलेले यातून वजा करू नका. ते दान समजा.

हे पैसे गुपचूप पोचते करावेत का? बिननावाची पाकिटं, एकोणीस. माझ्याही मनात पहिल्यांदा हेच आलं होतं. मुलीचं लग्न वाचेल, पैसे मिळतील, कुणाचं काही जाणार नाही. पण त्या यादीपुढचे खोटे अंगठे तसेच राहतील, खजिन्याची किल्ली तुमच्याकडेच राहील, आणि शिपाई घरीच बसलेला राहील. शिवाय, सहा वर्षांनी दारात अचानक पैसे आले की माणसं विचारतातच, कुणी दिले आणि का? अर्धवट सत्य गावात फिरायला लागलं तर ते तुमच्या ताब्यात राहणार नाही. म्हणून पाकिटांचा मार्ग मी सोडून दिला.

दुसरं टोक म्हणजे रविवारी उपासनेत उठून सगळ्यांसमोर रडत सांगणं. आपल्याकडे याची मोठी परंपरा आहे. १९०५ साली केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये संजीवन, म्हणजे आत्मिक जागृतीची लाट, आली तेव्हा मुलींनी मोठ्याने रडत पापांगीकार केला होता, आणि मी त्याचा आदर करते. पण तुमची बाब हिशेबाची आहे, आणि हिशेबाची बाब आधी हिशेब बघणाऱ्यांपुढे जायला हवी. भरल्या चर्चमध्ये रडलात तर पंधरा मिनिटांत लोक तुम्हाला मिठ्या मारतील, साक्ष किती सुंदर झाली म्हणतील, आणि यादी पुन्हा मागे पडेल. हे मी होताना पाहिलं आहे. कुठे ते सांगत नाही.

तर बायकोपासून सुरुवात करा. रात्री अंथरुणावर नको, सकाळी, मुलगा बाहेर असताना. तिच्याकडे सांत्वन मागायला जाऊ नका. "तुझा हिशेब कधीच चुकत नव्हता" हे वाक्य आधी म्हणा, मग कारण सांगा. ती रागावेल, दोन दिवस बोलणार नाही, कदाचित माहेरीही जाईल. जाऊ द्या. त्यानंतर मुलगी. तिची फी त्या पैशातून गेली हे तिला तिसऱ्याकडून कळता कामा नये. आणि तिला सांगताना "तुझ्यासाठी केलं" हे शब्द चुकूनही तोंडातून काढू नका. तिने फी मागितली होती, चोरी मागितली नव्हती.

मग एखाद्या वकिलांना भेटा. हे वाचून काहींना वाटेल, बाई आत्म्याच्या गोष्टीत कोर्ट कुठून आणते? पण दुसऱ्याने विश्वासाने सोपवलेला पैसा स्वतःसाठी वापरणं हा नुसता आत्मिक विषय नाही. २०१९ च्या कृत्याला भारतीय दंड संहिताच लागते, आणि तिच्या कलम ४०६ मध्ये याला शिक्षा आहे. खोट्या अंगठ्यांचा विषय त्याहून वेगळा. पैसे परत केल्याने गुन्हा आपोआप पुसला जात नाही. मंडळीची नोंदणी सार्वजनिक न्यास म्हणून असेल तर त्या वर्षाचे हिशेब लेखापरीक्षकाच्या हातून गेलेले असतील, तिथेही दुरुस्ती लागेल. वकील कदाचित "गप्प बसा" म्हणतील. ते त्यांचं काम आहे. तुम्ही त्यांना, गप्प बसायचं का हे विचारू नका, कसं बोलायचं तेवढं विचारा.

त्यानंतर पाळकसाहेब, आणि त्यांच्यासोबत कमिटीतले एक जण, जे तुमचे खास दोस्त नाहीत असे. हातात दोन कागद असू द्यात: खजिनदारपदाचा राजीनामा आणि रकमेची व्यवस्था. पूर्ण रक्कम जमली नसेल तर किती महिन्यांत, ते लिहून. पैसे त्या घरांना मंडळीमार्फत गेले पाहिजेत, पावतीसह, आणि जे गेले असतील त्यांच्या वारसांना. पुढे मंडळीला काय सांगायचं, किती सांगायचं, पोलिसात जायचं की नाही, हे तुम्ही ठरवू नका. सहा वर्षं या गोष्टीवर ताबा ठेवून थकला आहात ना, तो ताबा सोडणं यातलं सगळ्यात अवघड असणार आहे.

मंडळी फुटेल म्हणता. फुटू शकते, नाही म्हणणार नाही. दोन गट होतील, जुने राग निघतील. पण आत्ता ती एकत्र आहे ती तुमच्या गप्प राहण्याच्या जोरावर, असं समजणं हा थोडा मोठेपणाच झाला. लग्नाचं भय मात्र खरं आहे, ते हसण्यावारी नेणार नाही. तरीही "लग्न उरकू दे, मग सांगतो" हे "नंतर भरू"चंच धाकटं भावंड आहे. आणि लग्नानंतर व्याह्यांना कळलं तर भोगणार कोण? तुम्ही नाही, ती.

शिपायाचं विसरू नका. कमिटीला सांगा की त्या दिवशी तुम्ही तीनशे रुपयांना जी सजा मागितलीत ती तुमच्या हिशेबाची होती. नोकरी परत मिळेल की नाही ते त्यांच्या हाती. त्याच्या घरी तुम्ही स्वतः जा. तो चहा विचारणार नाही कदाचित.

प्रभुभोजन टाळण्याबद्दल एकच सांगते. करिंथकरांस पहिल्या पत्रात पौल म्हणतो की माणसाने आत्मपरीक्षण करावं आणि मग खावं. परीक्षण करून मागच्या दाराने निघून जावं, असं तो म्हणत नाही. आणि येशू मत्तयाच्या पाचव्या अध्यायात वेदीपुढे अर्पण ठेवून आधी भावाकडे जायला सांगतो, मग परत यायला. अर्पण तिथेच ठेवलेलं आहे, कुणी उचललेलं नाही.

या सदराकडे अशी पत्रं अधूनमधून येतात, म्हणून इतरांसाठी थोडं. प्रत्येक लपलेली गोष्ट सगळ्यांना सांगायची नसते. जेवढ्यांचं नुकसान झालं तेवढ्यांना सांगायची. मोबाइलवर रात्री काय बघता ते अख्ख्या मंडळीला ऐकवू नका. पण याकोब आपल्या पत्रात एकमेकांजवळ पापं कबूल करा म्हणतो, तेव्हा निदान एक माणूस हवा, आणि तो असा हवा जो पुढच्या महिन्यात "काय झालं त्याचं?" म्हणून विचारेल. कर्ज लपवलं असेल तर घरात सांगा, कारण वसुलीवाला सांगणारच आहे. आणि कराडच्या त्या मुलीला, जिने लहानपणी एका मोठ्या माणसाने तिच्याशी जे केलं ते "माझं लपलेलं पाप" म्हणून लिहिलं होतं: बाळा, ते तुझं पाप नाही. ते त्याचं आहे. तुला कबुली द्यायची नाही, तुला मदत मागायची आहे. तुला वेगळं लिहिते.

बंधू, आज रात्री पुलाकडे जायच्या ऐवजी एक कोरा कागद घ्या आणि ती एकोणीस नावं आठवून लिहा. मूळ यादी कपाटात असेल, पण तिच्यातून उतरवू नका, आठवून लिहा. किती आठवतात ते बघा. जी आठवणार नाहीत ती उद्या जाऊन विचारा, घर कुठलं, माणसं किती, आता कुठे राहतात.

आणि शाल. ती सध्या आहे तिथेच राहू द्या. परत घ्यायची की तुमच्याकडेच ठेवायची, ते कमिटी ठरवेल.